अँटिलोप आयलंडची सफर: बायसन, प्राँगहॉर्न आणि खारं सरोवर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेतल्या यूटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीपासून तासाभराच्या अंतरावर अँटिलोप आयलंड स्टेट पार्क आहे. ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवरातलं हे सगळ्यात मोठं बेट. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला जाण्यासाठी सॉल्ट लेक सिटीला उतरणारी मराठी कुटुंबं, इकडे राहणाऱ्या मुलांकडे आलेले आई-बाबा आणि नव्याने इथे आलेले विद्यार्थी पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची ही उत्तरं.

बेट आहे, मग बोटीने जायचं का?

नाही. सिराक्यूज नावाच्या गावातून सरोवरात सुमारे ११ किलोमीटर (७ मैल) लांबीचा भराव घालून रस्ता केलेला आहे. आय-१५ महामार्गावरून ३३२ क्रमांकाच्या फाट्याने बाहेर पडायचं, अँटिलोप ड्राइव्हवरून सरळ पश्चिमेला जायचं, की पार्कचं फाटक येतं. प्रवेश शुल्क गाडीमागे असतं. दर बदलत असतात, त्यामुळे निघण्यापूर्वी पार्कच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

फाटक ओलांडल्यावर लगेच वेग वाढवू नका. बहुतेक लोक ‘कधी एकदा बेट येतंय’ म्हणून हा भराव झपाट्याने पार करतात आणि पक्ष्यांचा अर्धा खजिना मागे सोडून जातात. दोन्ही बाजूंना उथळ पाणी किंवा ओला चिखल असतो, मागे वासॅच पर्वताची रांग आणि समोर बेटाची तपकिरी पाठ. गाडी थांबवायची तर त्यासाठी केलेल्या रुंद जागीच थांबवा. रस्ता अरुंद आहे आणि मागून येणाऱ्याचं लक्षही पाण्याकडेच असतं.

बेटावर रस्ता कसा आहे? कोणत्या क्रमाने फिरावं?

बेट सुमारे २४ किलोमीटर लांब आणि रुंदीला सात-आठ किलोमीटर. भराव उत्तर टोकाला येऊन मिळतो. तिथून दोन तोंडं आहेत: उत्तरेकडचा छोटा फेरा आणि पूर्व किनाऱ्याने दक्षिणेला जाणारा लांब रस्ता. पश्चिम बाजूला व्हाइट रॉक बे या खाडीच्या पुढे गाडीरस्ता नाही, फक्त पायवाटा आहेत.

उत्तरेच्या फेऱ्यात माहिती केंद्र, लेडीफिंगर पॉइंट, ब्रिजर बेचा वाळूचा किनारा, बफेलो पॉइंट आणि व्हाइट रॉक बे लागतात. पूर्वेचा डांबरी रस्ता सुमारे १८ किलोमीटर (११ मैल) जाऊन फील्डिंग गार रँच या जुन्या गुराढोरांच्या वाडीपाशी संपतो. डाव्या हाताला सरोवराचा काठ, उजव्या हाताला गवताळ उतार आणि त्यावर फ्रेरी शिखर, २,०१० मीटर उंचीचं. प्राणी मुख्यतः याच रस्त्यावर दिसतात.

क्रमाबद्दल माझं मत ठाम आहे: सकाळी पूर्वेचा रस्ता, संध्याकाळी पश्चिमेचा किनारा. सूर्य वासॅचच्या मागून वर येतो तेव्हा पूर्वेचे सगळे उतार उजळून निघतात आणि चरणारे बायसन लांबूनही स्वच्छ दिसतात. दुपारनंतर बेटाच्या डोंगराची सावली याच रस्त्यावर उतरते. मावळतीसाठी बफेलो पॉइंट किंवा व्हाइट रॉक बेला जा, समोर उघडं पाणी आणि मोकळं क्षितिज मिळतं. एकच वेळ निवडायची असेल तर सकाळ निवडा.

किती वेळ ठेवावा?

नुसती गाडी फिरवून परत यायचं तर दोन तासांत होतं. पण तसं करू नका. निदान चार-पाच तास ठेवा. एखादा बायसनचा कळप रस्त्यावर बसला तर अर्धा तास तिथेच जाईल, आणि तो वाया गेलेला नसेल.

बायसन हमखास दिसतात का?

रानातल्या प्राण्याबद्दल ‘हमखास’ म्हणू नये, पण इथे बायसन न पाहता परतलेला माणूस विरळा. कळप साधारण ५०० ते ७०० जनावरांचा आहे. उन्हाळ्यात ते मोठ्या झुंडीने पूर्वेच्या सपाटीवर आणि व्हाइट रॉक बेच्या आसपास चरतात. म्हातारे नर मात्र एकटेदुकटे, रस्त्याच्या कडेला धुळीत लोळताना दिसतात. लोळून लोळून जमिनीत खोलगट वाफे तयार झालेले असतात, ते रिकामे असले तरी ओळखू येतात. अंगावरचे किडे आणि झडणारी लोकर घालवण्यासाठी त्यांचा हा उद्योग चालतो.

एप्रिल-मेमध्ये वासरं जन्मतात. ती नारिंगी-तांबूस रंगाची असतात, आईच्या गडद तपकिरी रंगाशी काहीच मेळ नाही. जुलै-ऑगस्टमध्ये माजाचा हंगाम: नरांच्या खालच्या पट्टीतल्या डरकाळ्या गाडीच्या काचा बंद असतानाही ऐकू येतात. अख्ख्या वर्षातलं सगळ्यात जिवंत दृश्य हेच, आणि सगळ्यात जास्त सावध राहायचा काळही हाच.

हा म्हणजे आपला दाजीपूरचा गवाच ना?

नाही. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातला गवा हा दाट झाडीत राहणारा, आखूड चकचकीत केसांचा प्राणी. अमेरिकी बायसन हा मोकळ्या गवताळ प्रदेशातला. त्याच्या खांद्यावर मोठं वशिंड, डोक्या-मानेवर दाट लोकर आणि हनुवटीला दाढी असते. वशिंडात भलंमोठं डोकं पेलणारे स्नायू असतात. हिवाळ्यात तो तेच डोकं फावड्यासारखं डावी-उजवीकडे हलवून बर्फ बाजूला सारतो आणि खालचं गवत खातो. नराचं वजन ९०० किलोपर्यंत जातं, मादीचं त्याच्या निम्म्याच्या आसपास.

बायसन गाडीजवळ आला किंवा रस्त्यातच उभा राहिला तर काय करायचं?

गाडी थांबवा, आत बसून राहा, वाट पाहा. हॉर्न वाजवू नका, दिवे चमकवू नका, गाडी हळूहळू पुढे रेटून त्याला ‘सरकवण्याचा’ प्रयत्न करू नका. तो आपल्या वेळेने जातो. गाडीच्या चहूबाजूंनी कळप चालू लागला की मुलं आनंदाने ओरडतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की काच खाली करायची नाही आणि हात बाहेर काढायचा नाही.

गाडीतून उतरलेले असाल तर जास्त काळजी हवी. बायसन संथ दिसतो, पण तो ताशी ५० किलोमीटरहून जास्त वेगाने धावू शकतो आणि जागच्या जागी वळतो. यलोस्टोनमध्ये बायसनपासून किमान २३ मीटर (२५ यार्ड) अंतर ठेवण्याचा नियम आहे. इथेही तोच किमान धरा आणि माजाच्या काळात, किंवा मादीबरोबर वासरू असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. शेपूट वर उचलून धरली, मान खाली घालून फुरफुर केली, पायाने माती उकरली, तर तो इशारा आहे. तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका.

हे घाबरवायला सांगत नाही. २०१९ मध्ये इथल्या पायवाटेवर धावणाऱ्या एका तरुणाला उंचवट्यापलीकडचा बायसन दिसला नाही, आणि तो गंभीर जखमी झाला. पायवाटेवर चढ किंवा वळण असेल तिथे वेग कमी करा आणि पलीकडे नजर टाकूनच पुढे जा. आजी-आजोबांना प्राण्याच्या जवळ उभं करून फोटो काढण्याचा मोह होतो. तो फोटो राहू द्या. गाडीत बसून, काचेतून काढलेला फोटोही उत्तम येतो.

बायसन या बेटावर आले कसे? इथलेच आहेत का?

१८९३ मध्ये विल्यम ग्लासमन आणि जॉन डूली या दोघांनी बारा बायसन बोटीतून इथे आणले. हा आकडा छोटा वाटतो, पण त्या काळाकडे पाहा. उत्तर अमेरिकेत एके काळी कोट्यवधी बायसन होते. कातड्यांसाठी, खेळ म्हणून, आणि मूळ रहिवासी जमातींचा आधार तोडण्यासाठी त्यांची इतकी कत्तल झाली की १८८०च्या दशकाच्या अखेरीस संपूर्ण खंडात जेमतेम हजारभर उरले होते. त्या वेळी बारा जनावरं म्हणजे लहानसं बियाणंच. मालकांचा हेतू संवर्धनाचा नव्हता, पुढे त्यांनी बेटावर शिकारीही होऊ दिल्या. पण सभोवती खारं पाणी होतं, उतारावर गोड्या पाण्याचे झरे होते, गवत होतं, आणि कळप टिकला. देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक कळपांपैकी हा एक आहे.

आता अडचण उलटी आहे. बेटावर लांडगे नाहीत, वासरं दरवर्षी शेकड्याने होतात आणि गवत मात्र तेवढंच. म्हणून दर शरद ऋतूत, साधारण ऑक्टोबरच्या अखेरीस, घोडेस्वार सगळा कळप हाकून उत्तरेकडच्या कुंपणांत आणतात. १९८०च्या दशकात सुरू झालेली ही प्रथा आजही चालू आहे. जनावरं तपासतात, लस टोचतात, माद्या गाभण आहेत का पाहतात, आणि हिवाळ्यात गवताला झेपतील तेवढी, म्हणजे साधारण ५०० ठेवून उरलेली लिलावात विकतात. हाकणीचा दिवस लोकांना लांबून पाहता येतो. शेकडो घोडेस्वार आणि त्यांच्यापुढे धुळीचा ढग उडवत धावणारा कळप. त्या आठवड्यात सॉल्ट लेकला असाल तर बाकीचा बेत बदला आणि इथे या. मात्र भल्या पहाटे निघा, भरावावर गाड्यांची रांग लागते.

नावात ‘अँटिलोप’ आहे, मग हरणं कुठे आहेत?

जॉन फ्रेमाँट हा अमेरिकी शोधप्रवासी आणि त्याचा वाटाड्या किट कार्सन १८४५ मध्ये इथे आले, त्यांनी प्राँगहॉर्नची शिकार केली, आणि बेटाला नाव पडलं. प्राँगहॉर्न दिसायला काळविटासारखा असला तरी त्याचं कूळच वेगळं. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत त्याचे जवळचे नातेवाईक जिराफ आणि ओकापी आहेत. काळविटाची शिंगं जन्मभर तीच राहतात, प्राँगहॉर्नच्या शिंगांवरचं आवरण दरवर्षी गळतं आणि नव्याने येतं. त्याचा वेग ताशी ८५ किलोमीटरच्या पुढे जातो. आज अमेरिकेत त्याला गाठू शकेल असा एकही शिकारी प्राणी नाही. काही शास्त्रज्ञ म्हणतात की हा वेग हिमयुगात नामशेष झालेल्या चित्त्यासारख्या मांजरापासून पळताना कमावलेला आहे.

गंमत अशी की ज्याच्यावरून नाव पडलं तो प्राणी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथून नाहीसा झाला होता. १९९३ मध्ये तो पुन्हा आणून सोडला. पूर्वेच्या रस्त्यावर गवतात पांढरा पार्श्वभाग चमकताना दिसला की दुर्बीण काढा. प्राँगहॉर्न बायसनसारखा थांबत नाही.

आणखी कोणते प्राणी?

कोयोटी (लांडग्याचे लहान भाऊबंद) सकाळी आणि हिवाळ्यात भरपूर दिसतात, बर्फावर तर फारच स्पष्ट. खेचरासारखे मोठे कान असलेलं म्यूल हरीण, बिळं खोदणारा बॅजर, साळिंदर, आणि नशीब असेल तर बॉबकॅट हे रानमांजर. साळिंदर पाहायचं तर रँचजवळच्या झाडांच्या फांद्या तपासा. इथलं साळिंदर झाडावर चढून झोपतं, आपल्याकडचं चढत नाही.

मोठ्या वळणदार शिंगांच्या बिगहॉर्न मेंढ्या खडकाळ उतारांवर असतात. १९९७ मध्ये सोडलेला त्यांचा कळप फुप्फुसाच्या रोगाने जवळपास संपला. २०२० मध्ये मोंटाना राज्यातल्या रॉकी बॉइज या आदिवासी राखीव क्षेत्रातून निरोगी मेंढ्या आणून पुन्हा सुरुवात केली. त्यांच्या विणीच्या काळात, वसंतात, फ्रेरी शिखराची पायवाट काही आठवडे बंद असते. ट्रेक करायचा असेल तर आधी चौकशी करा.

आणि चकोर! हो, तोच. आपल्या कवितेत चांदणं पिणारा चकोर इथे खडकांवर तुरुतुरु धावताना दिसतो. हिमालय आणि मध्य आशियातला हा पक्षी शिकारीसाठी अमेरिकेत आणून सोडला गेला आणि इथल्या कोरड्या डोंगरांत रुळला. लाल चोच, डोळ्यांवरून गळ्यापर्यंत उतरणारी काळी पट्टी, कुशीला पट्टे. माहिती केंद्राजवळच्या खडकांत सकाळी शोधा. ज्यांनी नाव आयुष्यभर ऐकलं पण पक्षी कधी पाहिला नाही, अशा घरच्या वडीलधाऱ्यांना तो दाखवण्यासारखं सुख नाही.

पक्षी पाहायला कोणता काळ चांगला?

जुलै ते ऑक्टोबर. या सरोवरावर दरवर्षी लाखो स्थलांतरित पक्षी उतरतात, आणि त्यांतले बहुतेक दोन बारीक जिवांवर जगतात: मिठाच्या पाण्यातली छोटी कोळंबी, जिला आर्टेमिया म्हणतात, आणि मिठाच्या माश्या.

जुलै-ऑगस्टमध्ये विल्सन्स फॅलरोप नावाचे छोटे पक्षी पाण्यावर गरगर फिरत खाणं वर ओढतात. इथे चरबी साठवून ते थेट दक्षिण अमेरिकेला, अर्जेंटिनाच्या खाऱ्या सरोवरांपर्यंत जातात. शरदात काळ्या मानेच्या पाणडुब्या येतात. त्या इथे इतकं खातात की वजन दुप्पट होतं आणि उडण्याचे स्नायू तात्पुरते आक्रसतात. मग निघण्यापूर्वी त्यांना उपास करून पुन्हा उडण्यालायक व्हावं लागतं. भरावाच्या काठी लांब पायांचे काळे-पांढरे शेकाटे आणि वर वळलेल्या चोचीचे ॲव्होसेट हमखास. उन्हाळ्यात लेडीफिंगर पॉइंटवरून समोरच्या एग आयलंडवरची गल (कुरव) पक्ष्यांची वीण दिसते. बिळात राहणारं छोटं घुबड पूर्वेच्या रस्त्यालगतच्या मातीच्या ढिगांवर उभं असतं. मोठं शिंगळं घुबड रँचच्या झाडांत.

एक गोष्ट कोकणातल्या वाचकांसाठी. या सरोवरातल्या आर्टेमियाची अंडी गोळा करून, वाळवून जगभर विकली जातात, आणि कोळंबीच्या पिल्लांना पहिला घास म्हणून उबवण केंद्रांत दिली जातात. भारतातली कोळंबी केंद्रंही आर्टेमिया वापरतात.

फोटोत बेटाभोवती पाणी दिसतं. आम्ही गेलो तर नुसता पांढरा चिखल होता. असं का?

हाच प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

ग्रेट सॉल्ट लेकमधून एकही नदी बाहेर पडत नाही. बेअर, वेबर आणि जॉर्डन या नद्या पाणी आणतात, ऊन ते उडवून नेतं, मीठ मागे राहतं. सरोवर परातीसारखं उथळ असल्यामुळे पातळी जराशी उतरली तरी काठ मैलभर मागे जातो. १९८०च्या दशकात पाऊस-बर्फ इतका झाला की भराव बुडाला आणि पार्क दहा वर्षं बंद राहिलं. १९९३ मध्ये ते पुन्हा उघडलं. पुराने हैराण झालेल्या राज्याने तेव्हा पंप बसवून पाणी पश्चिमेच्या वाळवंटात फेकलं होतं. त्यानंतर चित्र पालटलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये सरोवर नोंदीतल्या सगळ्यात खालच्या पातळीला गेलं, १९८७च्या उच्चांकापेक्षा सुमारे ७ मीटर खाली. बेटाजवळचा बोटींचा धक्का कोरडा पडला. बेट जमिनीला जोडलं गेलं.

दुष्काळ आणि वाढती उष्णता हे कारण आहेच, पण मुख्य कारण माणसाने वळवलेलं पाणी. नद्यांचं पाणी सरोवरापर्यंत पोचण्याआधीच शेतीला, उद्योगांना आणि शहरांना जातं. त्यातला सगळ्यात मोठा वाटा शेतीचा, आणि शेतीतला मोठा भाग जनावरांच्या लसूणघासाचा. मराठवाडा किंवा सोलापूरकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. वरच्या अंगाला पीक उभं राहतं आणि खालच्या अंगाचा पाण्याचा साठा आटतो.

सफरीशी याचा संबंध थेट आहे. पाणी कमी झालं की खारटपणा वाढतो. तो एका मर्यादेपलीकडे गेला की मिठाच्या माश्यांच्या अळ्या आणि आर्टेमिया जगत नाहीत, आणि मग वर सांगितलेले लाखो पक्षी खाणार काय? उघड्या तळाची धूळ वाऱ्याने शहरांवर जाते, तिच्यात आर्सेनिकसारखी विषारी द्रव्यंही असतात. २०२२-२३ मध्ये राज्याने सरोवराच्या मधोमध गेलेल्या रेल्वेच्या बांधाच्या फटीतला उंबरठा उंचावला, म्हणजे जास्त खारट उत्तर भागातलं पाणी कमी खारट दक्षिण भागात येऊ नये. २०२३च्या विक्रमी बर्फामुळे पातळी काही फूट वरही आली. पण एका चांगल्या हिवाळ्याने हिशेब फिटत नाही.

म्हणून माझी विनंती: बायसन बघून गाडी वळवू नका. एकदा काठावर उभं राहून पाण्याकडे बघा आणि मुलांना सांगा की हे बेट या पाण्यावर टिकून आहे. डोंगराच्या उतारांवर आडव्या रेघा कोरल्यासारख्या दिसतील. हिमयुगात इथे बॉनव्हिल नावाचं प्रचंड गोडं सरोवर होतं, त्याच्या लाटांनी घासलेले हे जुने काठ आहेत. सगळ्यात वरची रेघ आजच्या पाण्यापासून ३०० मीटर उंचावर आहे.

आणि तो वास कसला?

उथळ चिखलात कुजणाऱ्या शेवाळाचा आणि जिवाणूंचा. भरावाच्या दक्षिणेकडून, फार्मिंग्टन बेच्या बाजूने वारा आला की जास्त येतो. बेटावर पोचलात की बहुधा राहत नाही.

कोणत्या महिन्यात जाऊ नये?

जाऊ नये असा महिना नाही, पण एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत बारीक चावरी चिलटं असतात. ती डासांपेक्षा वाईट: केसांत, कानांमागे शिरून चावतात, आणि खाज आठवडाभर टिकते. अंगाला लावायची मलमं फारशी उपयोगी पडत नाहीत. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हाच उपाय. त्या काळात येणार असाल तर गाडीतच राहून सफर करा, वासरं पाहा आणि परत जा. चांगला वारा असला तर त्रास कमी होतो.

जुलै-ऑगस्टच्या दुपारी ऊन भयंकर असतं आणि सावली जवळजवळ नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर माझ्या मते सर्वोत्तम. हिवाळ्यात गर्दी नसते, लोकरीवर हिमकण घेऊन उभे असलेले बायसन दिसतात. फक्त थंडी हाडात शिरते आणि कधी कधी धुकं इतकं दाटतं की समोरचा रस्ताही दिसत नाही.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खडकांवर आणि झुडपांत मोठाले कोळी जाळी विणून बसलेले असतात. ते निरुपद्रवी आहेत आणि माश्या खातात. ज्यांना कोळ्यांची भीती वाटते त्यांनी पायवाटा टाळाव्यात.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. त्यांना झेपेल का?

उत्तम झेपेल. ही सफर खरं तर त्यांच्यासाठीच आहे, कारण सगळं गाडीतून दिसतं. माहिती केंद्र आणि रँच इथे चालणं अगदी थोडं आहे. बफेलो पॉइंटला गाडीतळापाशीच उभं राहून दोन्ही बाजूंचं पाणी दिसतं, वरपर्यंतचा छोटा चढ नाही केला तरी चालतं. दुर्बीण त्यांच्या हातात द्या. पाणी, टोपी आणि औषधं गाडीत ठेवा, आणि शौचालय दिसलं की थांबून घ्या, पूर्वेच्या रस्त्यावर ती मोजकीच आहेत.

रँचवर पाहण्यासारखं काय आहे?

मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतीच्या जनावरांची देखभाल करायला फील्डिंग गार बेटावर राहायला आला आणि १८४८ मध्ये त्याने कच्च्या विटांचं घर बांधलं. त्याच पायावर उभं असलेल्या या घरात १९८१ पर्यंत, म्हणजे राज्याने बेटाचा बाकीचा भाग विकत घेईपर्यंत, कोणी ना कोणी राहत होतं. मेंढ्यांची लोकर कातरायचं गोठाघर, जुनी अवजारं, झऱ्याचं थंड पाणी आणि मोठी झाडं. सबंध बेटावर जेवायला बसावं अशी सावली इथेच आहे. रँच संध्याकाळी पार्कच्या आधी बंद होतं.

सरोवरात पोहता येतं का?

ब्रिजर बेवरून जाता येतं, मात्र पाण्यापर्यंत बरंच चालावं लागतं. पाणी समुद्राच्या कित्येक पट खारट असल्याने माणूस आपोआप तरंगतो. पाय खरचटलेला असेल तर उतरू नका आणि डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नका. काठावर मिठाच्या माश्यांचा काळा पट्टा असतो. त्या चावत नाहीत, पाय टाकला की बाजूला होतात. इथली वाळूही हातात घेऊन पाहा. तिचे गोल, गुळगुळीत कण डोंगर झिजून झालेले नाहीत, ते पाण्यातल्या चुन्याचे थर एखाद्या सूक्ष्म कणाभोवती बसून सरोवरातच तयार झालेले आहेत. वर आल्यावर अंग धुवायला शॉवरची सोय आहे.

खाणं-पिणं आणि पेट्रोल?

पेट्रोल बेटावर मिळत नाही, सिराक्यूजमध्येच भरून घ्या. हंगामात एक छोटं उपाहारगृह चालतं, तिथे बायसनच्या मांसाचा बर्गर मिळतो. शाकाहारी मंडळींनी घरून थालीपीठ, पोळी-भाजी, दशम्या बांधून आणाव्यात. उरलेलं अन्न गाडीतच परत न्या. कोयोटी आणि गल यांना खायला घालणं म्हणजे त्यांचं आयुष्य बिघडवणं.

आम्ही यलोस्टोनला जाणारच आहोत, तिथे बायसन असतातच. मग इथे का?

यलोस्टोनचा कळप याच्या कित्येक पट मोठा आहे आणि त्याची तुलना होणार नाही. पण तिथे जुलैमध्ये बायसनपेक्षा गाड्यांची रांग मोठी असते. इथे आठवड्याच्या मधल्या सकाळी पूर्वेच्या रस्त्यावर तुम्ही, कळप आणि वारा, एवढंच असतं. शिवाय यलोस्टोनला पोचायला सॉल्ट लेकहून पाच तास लागतात, तर हे विमानतळापासून तासाभरावर. विमान सकाळी उतरलं आणि वेळ मोकळा असला तर बॅगा गाडीत टाकून थेट या. परतीच्या दिवशी घाईघाईत उरकायला ठेवू नका.

रात्री थांबता येतं का?

तंबूसाठी आणि कॅम्पर गाड्यांसाठी जागा आहेत, त्या आधी आरक्षित कराव्या लागतात. शनिवार-रविवारच्या जागा लवकर संपतात. २०१७ मध्ये या पार्कला आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’ अशी मान्यता मिळाली. पूर्वेला शहरांचे दिवे दिसतात, म्हणून तारे पाहायला पश्चिमेचा व्हाइट रॉक बेचा तळ घ्या, डोंगर तो उजेड अडवतो. अमावास्येच्या आसपास आकाशगंगा डोळ्यांनी दिसते. रात्री तंबूच्या आसपास बायसन फिरू शकतात, त्यामुळे बाहेर पडण्यापूर्वी टॉर्च मारून चहूकडे बघा. जे मुक्काम करणार नाहीत त्यांनी फाटक बंद होण्याची वेळ आत शिरतानाच विचारून घ्यावी आणि परतीच्या भरावासाठी किमान अर्धा तास हाताशी ठेवावा, कारण अंधारात त्या रस्त्यावर प्राणी असू शकतात आणि गाडी हळूच चालवावी लागते.